गस आणि कॉल : चाळीस वर्षांची सोबत

लॅरी मॅकमर्ट्रीची ‘लोनसम डव्ह’ ही कादंबरी १९८५ साली आली, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. दरम्यान तिच्या मागची-पुढची कथा सांगणाऱ्या आणखी तीन कादंबऱ्या आल्या आणि पडद्यावर पाच लघुमालिका झाल्या. त्यातलं जे जे मिळालं ते मी वाचलं, पाहिलं, आणि पुन्हा पुन्हा पाहिलं. या सगळ्या पसाऱ्यात आपला जीव नेमका कशात अडकला, याचं माझं उत्तर मात्र कधी बदललं नाही. दोन म्हाताऱ्या मित्रांच्या बोलण्यात.

कथानक दोन ओळींत सांगता येतं. ऑगस्टस मॅक्रे, म्हणजे गस, आणि वुड्रो कॉल हे टेक्सास रेंजर्समधून बाहेर पडलेले दोन कॅप्टन. मेक्सिकोतून पळवून आणलेली गुरं हाकत ते रिओ ग्रांडच्या काठावरून थेट मोन्टानापर्यंत जातात. पण आठशेहून अधिक पानांच्या या पुस्तकात गुरं बऱ्याच उशिरा हलतात. आधी कितीतरी पानं ही माणसं नुसती ओसरीवर बसून असतात. गस बोलत राहतो, कॉल वैतागून उठून जातो. फोर्टच्या फुटपाथवर लुई लामूरच्या सडपातळ काउबॉय कादंबऱ्यांत हा जाडजूड ग्रंथ हाती आला, तेव्हा गोळीबाराच्या आशेनं मी तो उघडला होता. पुढं गोळीबारही आला, पण तोवर त्याची गरज उरली नव्हती.

गंमत अशी की ही गोष्ट मुळात पडद्यासाठीच लिहिली गेली होती. मॅकमर्ट्रीच्या कादंबरीवरून पीटर बोगदानोविचनं १९७१ साली ‘द लास्ट पिक्चर शो’ केला. त्या यशानंतर दोघांनी जॉन वेन, जेम्स स्टुअर्ट आणि हेन्री फोंडा यांना डोळ्यासमोर ठेवून एक वेस्टर्न रचला. वेननं नकार दिला आणि चित्रपट बारगळला. पुढं मॅकमर्ट्रीनं ती पटकथा परत विकत घेतली आणि तिची कादंबरी केली. नाव त्याला सापडलं एका चर्चच्या जुन्या बसवर रंगवलेलं. १९८६ साली कादंबरीला पुलित्झर मिळालं.

मॅकमर्ट्री स्वतः टेक्सासमधल्या आर्चर सिटीजवळच्या गुराख्यांच्या घरातला. लहानपणी घरात पुस्तक नव्हतं. युद्धावर निघालेला एक चुलतभाऊ १९ पुस्तकांची पेटी देऊन गेला आणि मुलगा वाचनाकडे वळला, तो पुढं लाखो जुन्या पुस्तकांचं दुकान चालवण्यापर्यंत. काउबॉयबद्दलची भाबडी भक्ती मोडून काढायला आपण हे लिहिलं, असं तो सांगत असे. न्युएसेस नदी ओलांडताना पाणसापांच्या विळख्यात सापडलेला कोवळा आयरिश पोरगा त्यानं आपल्याला दाखवला. तरीही वाचकांनी गस-कॉलवर जिवापाड प्रेम केलं, याचं त्याला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. मला वाचकांचं पटतं. मरण इतकं स्वस्त असलेल्या मुलुखात कुणी दिलेला शब्द पाळतो, तर तो माणूस मनात घर करणारच. मोन्टानात मरायला टेकलेला गस आपल्याला टेक्सासमध्ये पुरायला सांगतो, आणि कॉल ते प्रेत हजारो मैल परत नेतो. याला इतिहासाचाही आधार आहे. १८६७ साली जखमी होऊन वारलेल्या ऑलिव्हर लव्हिंगचा देह त्याचा भागीदार चार्ल्स गुडनाइटनं न्यू मेक्सिकोतून टेक्सासला आणला होता. कादंबरीतल्या डीट्स या गस-कॉलच्या साथीदारामध्येही गुडनाइटच्या विश्वासू साथीदाराची, गुलामगिरीत जन्मलेल्या बोस आयकर्डची, छाया आहे.

फेब्रुवारी १९८९ मध्ये सीबीएसवर चार रात्री ‘लोनसम डव्ह’ दाखवली गेली. वेस्टर्न संपला, असं तेव्हा टीव्हीवाले म्हणत. मोटाऊनच्या सुझान द पास यांनी हक्क घेतले, बिल विटलिफनं पटकथा लिहिली, ऑस्ट्रेलियाच्या सायमन विन्सरनं दिग्दर्शन केलं. विटलिफचं मोठेपण मला यात दिसतं, की त्यानं बोलण्याला कात्री लावली नाही. रॉबर्ट डुव्हालचा गस तर बोलण्यातच जगतो. हीच भूमिका हवी म्हणून तो अडून बसला होता. टॉमी ली जोन्सचा कॉल जबडा आवळून गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यातून न्यूट या मुलाबद्दलचं सगळं कळतं. न्यूट त्याचाच मुलगा. निघताना कॉल त्याला आपला घोडा देतो, बंदूक देतो, वडिलांचं घड्याळ देतो. नाव तेवढं देत नाही. तो प्रसंग पाहताना मला दर वेळी कॉलचा राग येतो आणि दर वेळी त्याची दयाही येते. मालिकेला एमीची अठरा नामांकनं आणि सात पुरस्कार मिळाले. सर्वोत्तम लघुमालिकेचा मात्र ‘वॉर अँड रिमेम्ब्रन्स’नं नेला, आणि तो निकाल मला आजही मान्य नाही.

पुढचा प्रवास खालीवर होत गेला. १९९३ची ‘रिटर्न टू लोनसम डव्ह’ मॅकमर्ट्रीच्या कादंबरीवर नव्हती. जॉन व्हॉइट चांगला नट, पण समोर गसच नाही, तर कॉलनं गप्प तरी कुणापुढं राहायचं? १९९६च्या ‘डेड मॅन्स वॉक’मध्ये दोघं अगदी पोरसवदा आहेत. मेक्सिकोत कैद्यांना मडक्यातून घेवड्याचे दाणे काढायला लावले होते, पांढरा निघाला तर सुटका, काळा निघाला तर गोळी. १८४३ साली खरोखर घडलेला हा प्रकार त्यात येतो आणि पाहणाऱ्याला सुन्न करतो. ‘कोमांचे मून’ची मालिका २००८ साली विन्सरनंच केली, पण स्टीव्ह झान आणि कार्ल अर्बन यांच्यात ती जुनी कुरबुर जमली नाही. कादंबरी मात्र वाचाच. ‘लोनसम डव्ह’मधला खलनायक ब्लू डक नुसता क्रूर वाटतो. इथं त्याच्या बापाच्या, बफेलो हंपच्या, मनात शिरून मॅकमर्ट्रीनं आपली भूमी गमावणाऱ्या कोमांचे लोकांचं दुःख मांडलं. ती उणीव त्यानं अशी भरून काढली.

‘लोनसम डव्ह’नंतरचं माझं सर्वांत आवडतं पुस्तक ‘स्ट्रीट्स ऑफ लारेडो’. ते १९९३ साली आलं, आणि १९९५च्या मालिकेत जेम्स गार्नर कॉल झाला. पहिल्या कादंबरीत पुरुषांच्या मर्जीवर जगणारी लोरेना आता शाळा चालवते, कॉलच्या जुन्या साथीदाराची, पी आयची, बायको आहे, मुलांची आई आहे. सिसी स्पेसेकनं ती अशी उभी केली, की सगळी धावपळ तिच्याभोवती फिरू लागते. गोळ्यांनी जायबंदी झालेल्या कॉलचा पाय तीच कापते आणि त्याला जगवते. पुढं तिच्याच आसऱ्याला राहून हा एकेकाळचा कॅप्टन लोकांच्या सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देतो. तिथं टेरेसा नावाची आंधळी मुलगी त्याला लळा लावते. न्यूटला जे देणं त्याला जमलं नाही, ते या परक्या पोरीला तो देतो, आणि गस असता तर यावर किती बोलला असता, असं मला राहून राहून वाटतं.