टीव्हीवर एक्सेल का फिसकटतं?

बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीला एचडीएमआय केबलने संगणक जोडला की घरचं ऑफिस तयार, असं वाटतं. सिनेमा झकास दिसतो; पण एक्सेलमधल्या लाल आकड्यांच्या कडा फिसकटतात. डोळे चोळू नका, दोष त्यांचा नाही.

आपल्या डोळ्यांना उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा नाही. व्हिडिओत याचाच फायदा घेतात: उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची, रंगाची मात्र सहसा चार पिक्सेलांत मिळून एकच. अनेक टीव्ही संगणकाच्या चित्रालाही रंगाची अशीच कात्री लावतात. चेहऱ्यावर, डोंगरावर ते खपून जातं. एका पिक्सेलच्या जाडीच्या अक्षराची मात्र रया जाते. बऱ्याच टीव्हींत संगणक जोडलेल्या इनपुटला ‘पीसी’ नाव दिलं की ही काटकसर थांबते. (नुसतं नाव बदलून, बरं का!) माऊसचा बाण हातामागून रेंगाळत असेल तर ‘गेम मोड’ लावा, मग टीव्ही चित्र सजवण्यात फारसा वेळ घालवत नाही.

आकाराला भुलू नये. ३२ इंची, १३६६ बाय ७६८ पिक्सेलच्या टीव्हीत इंचाला जेमतेम ४९ पिक्सेल बसतात. २४ इंची फुल एचडी मॉनिटरमध्ये ९२. ४३ इंची फोर-के टीव्ही १०२ वर जातो, आणि माझ्या मते तोच कामाचा. पण टेबलापाशी बसून. सोफ्यावरून वाचायचं तर अक्षरं दुप्पट करावी लागतात, म्हणजे मावणारा मजकूर पुन्हा फुल एचडीएवढाच.