बोल्ट घट्ट आहे म्हणजे नेमके काय?

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले आणि आमच्याकडे ज्या घरांत आजवर कुस्तीखेरीज बोलणे नव्हते, तिथेही रायफलची चर्चा सुरू झाली. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या होत्या. दोघांच्याही हातातली ती रायफल पॉइंट टू टू, म्हणजे .२२ रिमफायर जातीची. आज त्या रायफलच्या एकाच भागाविषयी बोलायचे आहे, आणि तेही तो भाग नवा असताना जी कुरकुर करतो तिच्याविषयी. कवितेच्या माणसाने बोल्टवर बोलावे याचे कुणाला नवल वाटेल. पण बी.ए.च्या वर्षांत मी एनसीसीत होतो. तेव्हा चिंदी आणि फुलथ्रू हातात घेऊन रायफली साफ करण्यात जेवढा वेळ गेला, तेवढा छंदशास्त्रात गेला नसेल.

आधी रिमफायर म्हणजे काय ते पाहू. मोठ्या बंदुकीच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध वेगळी टोपी असते, तिच्यावर पिन आदळते आणि दारू पेटते. .२२ च्या काडतुसाला अशी टोपी नसते. त्याच्या पितळी नळकांड्याचे बूड बाहेरच्या बाजूला दुमडून एक पोकळ काठ केलेला असतो आणि ठोक्याने पेटणारा मसाला त्या काठाच्या आत भरलेला असतो. पिन काठावर आदळते, काठ चेपतो, मसाला पेटतो. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून वापरात आहे आणि त्याची रचना आजही मुळात तीच आहे. गोळी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास जाडीची आणि वजनाने अडीच ग्रॅमपेक्षा किंचित जास्त. ५० मीटरवरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे असते. पुढच्या सगळ्या विवेचनात हा काठ लक्षात ठेवा. तो दोन कामे करतो. तो ठिणगी देतो, आणि काडतूस चेंबरात किती आत जाईल हेही तोच ठरवतो. काठ चेंबरच्या तोंडाशी अडतो, त्याच्या मागे बोल्टचे तोंड येऊन टेकते. या दोहोंमध्ये जागा असते सुमारे एक मिलिमीटरची.

बोल्ट समजायला आपल्या दाराची कडी पुरेशी आहे. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली पाडायची. चार हालचाली. माझी भाची ज्या क्लबात शिकते तिथे नवी रायफल आली, तेव्हा तिचा फोन आला, "मामू, नव्या रायफलचा बोल्ट लई घट्ट आहे. दर वेळी कोपर हलतंय." मी विचारले, "बेटा, घट्ट कुठे आहे? उचलताना, ओढताना, ढकलताना की पाडताना?" तिकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "बघून सांगते."

माझ्या मते अर्धे काम या प्रश्नातच होते. बोल्ट घट्ट आहे, ही तक्रार म्हणजे डॉक्टरकडे जाऊन "दुखतंय" एवढेच म्हणण्यासारखी आहे. चारही हालचालींची दुखणी वेगळी, औषधे वेगळी. आणि कोपर हलते ही तिची अडचण खरी होती. प्रोनमध्ये पन्नास मिनिटांत साठ गोळ्या मारायच्या असतात. प्रत्येक गोळीनंतर दांडीशी झटापट झाली, तर जमवलेले शरीर साठ वेळा मोडते.

तपासण्याआधी एक गोष्ट. मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या, चेंबर रिकामे आहे हे डोळ्यांनी बघा आणि काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून या. नळीचे तोंड कायम निर्धोक दिशेला. हे मी एकदाच सांगतो, पण पुढच्या प्रत्येक वाक्याआधी ते लिहिले आहे असे समजा.

आता पहिली हालचाल. दांडी उचलताना जड जात असेल, तर बहुतेक वेळा तो दोष नसून रचना असते. आधुनिक रायफलींपैकी बऱ्याच अशा आहेत की दांडी वर उचलतानाच आतली स्प्रिंग दाबली जाते आणि पिन ताणून मागे बसते. एका तिरप्या खाचेवरून धातूचा उंचवटा घसरत चढतो, त्या खाचेला कॅम म्हणतात. ज्यांचा हात ली-एनफिल्ड घराण्याच्या रायफलींवर बसला आहे, त्यांना हे विशेष खटकते. कारण त्या घराण्यात स्प्रिंग दाबली जाते ती बोल्ट पुढे ढकलताना, उचलताना दांडी लोण्यासारखी उठते. रायफल नवी असली की कॅमवर कापणीच्या यंत्राच्या बारीक रेघा असतात, त्यात कारखान्याने गंज लागू नये म्हणून फासलेले ग्रीस सुकलेले असते. मग दांडी अडते.

परीक्षा सोपी आहे. रिकाम्या रायफलचा बोल्ट उघडा, बंद करा, आणि चाप न ओढता पुन्हा उघडा. पिन आधीच ताणलेली असल्याने या वेळी कॅमला काम नसते. आता दांडी हलकी उठली तर घट्टपणा कॅमचा आणि स्प्रिंगचा. तरीही जडच राहिली तर बोल्टच्या अंगावर किंवा तो ज्यातून सरकतो त्या घरात कुठेतरी घासते आहे. भाचीचा निरोप आला तो असा: चाप न ओढता दांडी हलकी, फायर केल्यावर जड. शिवाय काडतूस घालून दांडी पाडताना शेवटच्या टप्प्याला किंचित अडते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या हालचालींवर फार वेळ घालवत नाही. रिकामा बोल्ट मागेपुढे खरखरत असेल तर वाळलेले ग्रीस, पॅकिंगमधला कचरा किंवा धातूची राहिलेली बर. फक्त काडतूस घेतानाच अडत असेल तर मॅगझिन नीट बसले आहे का ते बघा. गोळी झाडल्यावर रिकामे नळकांडे ओढताना अडत असेल तर चेंबर मळले आहे. .२२ च्या गोळीला बाहेरून मेणासारखे वंगण लावलेले असते, ते आणि दारूची काजळी मिळून चेंबरात कडे धरते.

चौथी हालचाल मात्र नीट समजून घ्यावी, कारण धोका इथे आहे. स्पर्धेच्या रायफलींचे चेंबर मुद्दाम आखूड आणि आवळ ठेवतात. गोळीचे मऊ शिसे नळीतल्या आट्यांवर हलकेच टेकावे, अशी त्यामागची कल्पना. त्यामुळे दांडी पाडताना शेवटी जो थोडा दाब लागतो तो ठीक आहे. भाचीच्या रायफलीत हाच प्रकार होता. पण दाब थोडा आणि दर वेळी सारखा असायला हवा. एखादे काडतूस अचानक फारच अडले, तर तळहाताने ठोकून दांडी पाडू नये. काठाखाली कचरा असेल, किंवा आधीचे काही चेंबरात राहिले असेल, तर तुम्ही बोल्टने चेपत आहात तो काठच आहे, आणि मसाला काठातच आहे. बोल्ट पुरता बंद होण्याआधी काडतूस उडाले, तर तो जाळ आणि पितळेचे तुकडे मागे, तोंडाकडे येतात. अशा वेळी रायफल लक्ष्याकडेच ठेवून प्रशिक्षकाला हाक मारावी. आवळ चेंबरातून न उडालेले काडतूस ओढताना कधी गोळी आतच अडकते आणि दारू सांडते. म्हणून बाहेर आलेल्या काडतुसाला गोळी आहे ना, हे पाहिल्याखेरीज पुढचे भरू नये.

उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. माहितीपुस्तिकेप्रमाणे बोल्ट बाहेर काढा. बंदुकीसाठी मिळणाऱ्या सॉल्व्हंटने, नसेल तर रॉकेलने, कारखान्याचे ग्रीस धुऊन काढा, कोरडे पुसा. मग कॅमवर आणि बोल्ट जिथे अडकून बसतो त्या खांद्यांच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढे ग्रीस, अंगावर पुसट तेलाचा हात. चेंबर आणि बोल्टचे तोंड कोरडे. खोबरेल तेल नको. आपण ते बिजागरीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळीकडे घालतो, पण ते थंडीत थिजते आणि पुढे चिकट होते. त्यानंतर बोल्ट काही शे वेळा उघडायचा आणि बंद करायचा. इथे एक पेच आहे. चाप ओढला नाही तर कॅम घासला जात नाही. आणि रिकाम्या रिमफायरचा चाप ओढला, तर अनेक रायफलींत पिन काठ नसलेल्या जागी, थेट चेंबरच्या कडेवर आदळते. तिथे खळगा पडून धातू आत वळतो, आणि मग काडतूस आत जाताना अडते, म्हणजे एक घट्टपणा घालवताना दुसरा आणला. तुमच्या रायफलीला रिकामा चाप चालतो का, हे पुस्तिकेत दिलेले असते. चालत नसेल तर डमी काडतूस वापरा. उचलताना ताणल्या जाणाऱ्या बऱ्याच रायफलींत आणखी एक युक्ती चालते. चेंबर रिकामे असताना चाप दाबून धरायचा आणि दांडी सावकाश पाडायची. पिन आदळत नाही, कॅमवरून हळू उतरते, आणि पुढच्या वेळी दांडी उचलली की कॅम पुन्हा घासला जातो.

क्लबातल्या एका हौशी गृहस्थांनी "आणा इकडे, झिरो नंबर पॉलिश पेपर मारून देतो" असे सुचवले होते. हेतू चांगला, पण तिच्या प्रशिक्षकांनी साफ नकार दिला आणि तो योग्यच होता. पुष्कळ रायफलींत या भागांचा वरचा पातळ थरच काय तो कडक केलेला असतो. तो घासून गेला की खालचा मऊ धातू महिन्याभरात झिजतो. आणि घासणे चुकीच्या जागी झाले, तर ती एक मिलिमीटरची जागा बदलते. शिवाय शस्त्र कायद्याप्रमाणे, म्हणजे १९५९ च्या, बंदुकीची दुरुस्ती हेही परवान्याचे काम आहे. जाणता कारागीर आधी कॅमला मार्करची शाई फासतो, बोल्ट दहा-वीस वेळा फिरवतो आणि शाई कुठे गेली ते बघतो. हत्यार त्यानंतर उचलतो, तेही क्वचितच.

आमच्या नात्यात शिकलगार आहेत. हा शब्द मुळात सैकलगर, सैकल म्हणजे हत्याराला चकाकी देणे. धार लावणारा ही ओळख पुढची, मूळ काम घासून गुळगुळीत करण्याचे. नव्या बोल्टच्या बाबतीत हे काम पोलादानेच पोलादावर करायचे असते, माणसाने मध्ये कानस घालायची नसते.

भाचीने आठवडाभर रोज संध्याकाळी रिकामी रायफल स्टँडवर ठेवून बोल्ट फिरवला आणि वहीत आकडे लिहिले. साधारण चारशेच्या पुढे दांडी एका बोटाने उठू लागली. शेवटच्या टप्प्याचा तो किंचित दाब तसाच आहे आणि तो तसाच राहणार. ही वही ठेवणे चांगले. कारण काही शे वेळा फिरवून, धुऊन, वंगण देऊनही काहीच फरक पडला नाही, किंवा घट्टपणा वाढत गेला, किंवा रिकाम्या नळकांड्यांच्या अंगावर दर वेळी एकाच जागी ओरखडा दिसू लागला, तर रायफल विक्रेत्याकडे परत न्यायची. सोबत वही आणि ती चार-पाच नळकांडी न्यायची. नुसते "घट्ट आहे" म्हणणाऱ्याला विक्रेता "वापरा, होईल सैल" असे सांगून परत पाठवतो. नळकांड्यावरचा ओरखडा त्याला बघावाच लागतो.