विश्लेषण : न्यूझीलंडमध्ये परदेशी नौकेचा तळ का तपासतात?

भारतीय नौदलाची ‘तारिणी’ ही शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणेदरम्यान डिसेंबर २०२४मध्ये न्यूझीलंडच्या लिटल्टन बंदरात थांबली होती. खासगी नौकेने या देशात जायचे तर मात्र पासपोर्ट आणि व्हिसावर भागत नाही. नौकेचा पाण्याखालचा तळही स्वच्छ असावा लागतो.

हा नियम कशासाठी?

तळाला चिकटून परदेशी शैवाल, शिंपले, कृमी येतात. भूमध्य समुद्रातला पंख्यासारखा कृमी २००८मध्ये लिटल्टनमध्येच सापडला आणि पुढे इतर बंदरांतही आढळला. असे जीव एकदा रुजले की हटवणे जवळपास अशक्य. त्यामुळे मे २०१८पासून स्वच्छ तळाचा नियम सक्तीचा झाला. २१ दिवस किंवा त्याहून अधिक राहणाऱ्या नौकेच्या तळावर बुळबुळीत थर आणि लांब देठाचे बार्नेकल यांपलीकडे काही चालत नाही. पोहोचण्याआधीच्या ३० दिवसांत तळ साफ करून पावत्या व छायाचित्रे जपून ठेवणे, हा सोपा मार्ग.

प्रवेश कसा मिळतो?

किमान ४८ तास आधी कस्टम्सला आगमनाची सूचना द्यावी लागते. भारतीयांना व्हिसा आधीच घ्यावा लागतो. पहिला मुक्काम ठरवून दिलेल्या बंदरातच करायचा. फिजी, टोंगाकडून येणाऱ्या अनेक नौका ओपुआ गाठतात. पिवळा झेंडा लावून अधिकाऱ्यांची वाट पाहायची. तपासणी होईपर्यंत कोणी उतरायचे नाही. ताजी फळे, भाज्या, मध जवळ असतील तर जप्त होतात.

तळ अस्वच्छ निघाला तर?

नौका स्वखर्चाने पाण्याबाहेर काढून साफ करावी लागते. प्रवेश नाकारलाही जाऊ शकतो. दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. तो टाळण्याच्या घाईत सफाई राहून गेली, तर ती पुढे महागात पडते.

नंतर नांगर कुठेही टाकता येतो?

नाही. ओपुआजवळच्या बे ऑफ आयलंड्समध्ये १४४ बेटे आहेत; वारा पाहून आडोशाची खाडी निवडता येते. पण तिथे २०२३मध्ये काउलर्पा हे परदेशी शैवाल सापडले. त्याच्या लहानशा तुकड्यापासूनही नवी वाढ होते आणि तो तुकडा नांगराच्या साखळीतून पुढच्या खाडीत जातो. म्हणून बाधित भागांत नांगरबंदी लागू करण्यात आली. नांगर टाकण्यापूर्वी सरकारचा ताजा नकाशा पाहावा. उचलल्यावर साखळी तपासावी आणि अडकलेले शैवाल समुद्रात न फेकता नौकेवरच बंद पिशवीत ठेवावे.