बोट फिरते तेव्हा

आश्विनाच्या उत्तरार्धात, पावसाळ्याचा गढूळपणा ओसरून समुद्राचे पाणी निवळू लागते आणि शहरातील हौशी मंडळींना गळ टाकण्याची ओढ लागते त्या दिवसांत, आम्ही सहा स्नेही मालवणच्या किनाऱ्यावरून मासेमारीची एक बोट दिवसभराच्या भाड्याने ठरवून पहाटे चारच्या सुमारास निघालो. जमिनीवरून दर्याकडे वाहणारा मतलई वारा पाठीशी होता, सिंधुदुर्गाचा तट अंधारात मागे पडत होता, आणि फटफटले तेव्हा दक्षिणेला निवतीच्या खडकांवरचे दीपगृह दिसू लागले होते. खडकाळ तळावर तांबोशी आणि गोबरा मिळतो, म्हणून तांडेलाने बोट तेथे नांगरली. गरीला म्हाकुलाचा तुकडा लावून दोर तळापर्यंत सोडायचा, शिसे टेकले की हातभर वर घ्यायचा, आणि मग बोटाच्या पेरावर येणाऱ्या हिसक्याची वाट पाहायची, या साऱ्या उद्योगाला मालवणी माणूस 'गरवणे' हे एकच क्रियापद वापरतो. त्यात घटका दोन घटका कशा गेल्या ते कळले नाही.

आठ वाजण्याच्या सुमारास वारा पडला. पाणी तेलासारखे गुळगुळीत झाले आणि आम्हांला तो शुभशकुन वाटला. तांडेल मात्र गरवणे सोडून नाळेपाशी जाऊन उभा राहिला. गुळगुळीत पृष्ठभागाखालून नैर्ऋत्येकडून लांबच लांब लाटा येत होत्या; एक लाट बोट उचलून सावकाश खाली ठेवी, आणि पुढची येईपर्यंत मनात सहज दहा-बारा अंक मोजून होत. वाऱ्याने जागच्या जागी उठणारी लाट आखूड आणि घाईची असते. लांब पल्ल्याची लाट दूरच्या वादळात जन्मते, आणि पुष्कळदा ज्या वादळाने तिला जन्म दिला त्याच्यापेक्षा अधिक वेगाने प्रवास करून ती त्याच्या कितीतरी आधी किनारा गाठते. आकाश निरभ्र असताना दर्याने धाडलेला हा लखोटा वाचता येणे ही तांडेलाच्या विद्येची पहिली इयत्ता होय.

या संथ हेलकाव्यानेच आमच्यापैकी दोघांना बोट लागली. कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय शरीर हलत असल्याची वर्दी देत असते, आणि बोटीच्या फळीवर खिळलेली नजर मात्र सारे स्थिर असल्याची ग्वाही देते. या दोन परस्परविरोधी साक्षींनी मेंदूचा गोंधळ उडतो आणि पोट ढवळून निघते. दूर क्षितिजावर दृष्टी ठेवली की दोन्ही साक्षी जुळू लागतात, म्हणून अनुभवी खलाशी नवख्याला खाली बसू न देता बाहेर उभे करून लांब पाहायला लावतो. आमच्या खलाशाने तेच केले.

नऊच्या सुमारास दक्षिणेकडून वारा उठला आणि पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागले. ब्रिटिश आरमारातील फ्रान्सिस ब्यूफर्ट याने १८०५ च्या सुमारास शून्यापासून बारापर्यंत वाऱ्याची जी प्रतवारी बांधली, तिच्यात असे तुरे जागोजाग फुटू लागले की वारा चौथ्या-पाचव्या पायरीवर आला असे धरतात. सहाव्या पायरीचा वारा ताशी चाळीस ते पन्नास किलोमीटरचा असतो, आणि लहान बोटीने बंदर जवळ करण्याची वेळ त्याच्या आधीची असते. तांडेलाने ब्यूफर्टचे नाव ऐकले असण्याचा संभव कमी, त्याने तुरे पाहिले, घड्याळ पाहिले, ओहोटी केव्हा लागणार याचा हिशेब केला आणि म्हणाला, "साहेबांनू, गरी वर घेवा."

आम्ही हुज्जत घातली, हे लपवण्याचे कारण नाही. पुऱ्या दिवसाचे पैसे मोजले होते, टोपलीत तीनच तांबोशी होत्या, आणि आमच्या दृष्टीने वाऱ्यात भिण्याजोगे काही नव्हते. त्याने आवाज चढवला नाही. "पैशे परत घेवा, पन बोट आता फिरतली," एवढेच बोलून त्याने नांगराच्या दोराला हात घातला.

भाडेकरूचा अखत्यार कोठे संपतो आणि तांडेलाचा कोठे सुरू होतो, हा प्रश्न मालवणच्या धक्क्यापुरता नाही. टायटॅनिक जहाज १९१२ साली बुडाल्यावर सागरी सुरक्षेसाठी राष्ट्राराष्ट्रांत १९१४ साली पहिला करार झाला. त्या परंपरेतील १९७४ च्या करारात पुढे असे कलम घालण्यात आले की, मानवी जीविताच्या रक्षणासाठी कप्तानाला आपल्या व्यावसायिक विवेकाने जो निर्णय आवश्यक वाटेल, त्याच्या आड जहाजाचा मालक, जहाज भाड्याने घेणारा वा अन्य कोणीही येऊ नये. भाड्याने घेणाराचा उल्लेख तेथे मुद्दाम, स्वतंत्र शब्दाने केला आहे. मोठ्या जहाजांसाठी लिहिलेले हे कलम सहा आसनांच्या बोटीलाही शोभते, कारण लहान बोटीत भाडेकरू तांडेलापासून हातभर अंतरावर बसलेला असतो आणि त्याचा आग्रह, त्याची नाराजी, त्याने मोजलेली रक्कम ही सारी तांडेलाच्या कानाशी असते.

तो आग्रह आणि ती रक्कम एकत्र आल्या म्हणजे काय घडते, याचे सर्वांत करुण उदाहरण मला अमेरिकेतील वाटते. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड बेटाच्या पूर्व टोकाला माँटॉक हे मासेमारीचे ठिकाण आहे, आणि त्या काळी सुट्टीच्या दिवशी शहरातून हौशी गळवाल्यांना घेऊन खास आगगाडी तेथे येई. गाडी थांबताच गर्दी धक्क्याकडे धावे आणि माणशी भाडे घेणाऱ्या बोटी भरभरून निघत. १ सप्टेंबर १९५१ या शनिवारी, कामगार दिनाच्या जोडसुट्टीत, 'पेलिकन' नावाच्या अवघ्या ४२ फुटी बोटीवर कप्तान आणि त्याचा साथीदार धरून ६४ माणसे चढली. इतकी माणसे घेऊ नयेत असा कायदा त्या आकाराच्या बोटीला लागू नव्हता. पंधरा टनांखालील बोटी सरकारी तपासणीतून मुक्त होत्या. सकाळी हवा खवळू लागली तेव्हा कप्तानाने परतीचा मार्ग धरला, परंतु दोन इंजिनांपैकी एक निकामी झाले आणि उरलेल्यावर रखडत त्याला भूशिराला वळसा घालावा लागला. तेथे ईशान्येचा वारा आणि उलट धावणारी ओहोट यांची गाठ पडते.

वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटांची लांबी आखडते, उंची वाढते, त्यांचे उतार कड्यासारखे होतात. त्यात तळ उथळ असला तर लाट कोसळतेच. अशा पाण्यात बोटीचा तोल ज्या एका गोष्टीवर टिकतो ती म्हणजे तिचे वजन खाली आणि मधोमध असणे. वरच्या फळीवर दाटीने उभी असलेली माणसे हे वजन वर नेतात, आणि एक लाट बोट कलती करून गेली की तीच माणसे घसरून कललेल्या बाजूलाच गोळा होतात. 'पेलिकन'चे असेच झाले: एका लाटेने ती कलली आणि सावरण्यापूर्वीच दुसरीने तिला उलटी केली. दीपगृह दृष्टीच्या टप्प्यात होते. जवळच्या बोटींनी धावून येऊन १९ जणांना वाचवले. ४५ माणसे गेली, त्यांत कप्तानही होता, आणि काही जण केबिनमध्येच अडकले होते. या दुर्घटनेनंतर १९५६ साली अमेरिकेने सहाहून अधिक उतारू नेणाऱ्या बोटींची तपासणी सक्तीची केली. त्या दिवशी बोट फिरली होती. ती उशिरा फिरली, आणि तिच्यावर चौसष्ट माणसे होती.

आपल्याकडे मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो, आणि तेव्हापासून समुद्र मोकळा झाला असे शहरी माणूस समजतो. वस्तुस्थिती अशी की अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्याच्या तोंडावर आणि दुसरा आश्विन-कार्तिकात, नेमका आमच्यासारख्या भाडेकरूंच्या मोसमात. 'फयान' ११ नोव्हेंबर २००९ रोजी उत्तर कोकणावर आले. 'क्यार' २०१९ च्या ऐन दिवाळीत खवळले, आणि परप्रांतातील नौकाही आसऱ्यासाठी देवगड बंदरात येऊन थांबल्या. आता हैदराबादच्या संस्थेचे लाटांचे भाकीत आणि हवामान खात्याचा इशारा मोबाईलवर येतो, धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की बोटी आत येतात. हे साहाय्य मोलाचे आहे आणि त्याकडे डोळेझाक करणाऱ्या तांडेलाच्या बोटीत मी पाऊल ठेवणार नाही. पण त्या सकाळी बावटा लागलेला नव्हता.

परतीचे दोन तास आम्ही भिजत, मुकाट्याने, बोटीच्या तळाशी बसून काढले, कारण उभे राहायचे नाही असा त्याचा हुकूम होता. लाट आडवी घ्यायची नाही म्हणून तो सरळ किनाऱ्याकडे न जाता तिरक्या रोखाने चालला होता, प्रत्येक मोठ्या लाटेपूर्वी इंजिनाचा वेग उतरवीत आणि ती खालून गेली की पुन्हा चढवीत. किल्ल्याभोवतीचे खडक त्याने ओहोटी लागण्यापूर्वी ओलांडले. त्याच्या घड्याळाचा उलगडा मला तेव्हा झाला.

संध्याकाळी वारा पडला. वादळ आले नाही, बावटाही लागला नाही. किनाऱ्यावर मुले चेंडू खेळत होती आणि सोन्यासारखा प्रकाश पडलेल्या त्या शांत पाण्याकडे पाहून आमच्यातील एकजण म्हणाला की दिवस फुकट गेला. परत फिरण्याचा निर्णय योग्य होता याचा पुरावा कोणाच्याच हाती येत नाही, ही या व्यवसायातील सर्वांत जड गोष्ट असावी असे मला वाटले. तांडेल आपल्या पडवीत दोर सुकत घालीत होता. त्याने सकाळी दिलेल्या शब्दाप्रमाणे पैसे पुढे केले. आम्ही ते घेतले नाहीत. त्याने स्पष्टीकरण दिले नाही, आम्ही मागितले नाही. गऱ्या एकेक पुसून बुचाच्या तुकड्यावर टोचताना तो म्हणाला की मतलई सुटली तर उद्या चारला या.

पहाटे मतलई सुटली होती. आम्ही सहांपैकी पाच गेलो.