कोलारचे सोने आणि ‘शाश्वत’ विकास

‘शाश्वत विकास’ ही संज्ञा मराठीत आता रूढ झाली आहे. तथापि सोन्याच्या खाणीच्या संदर्भात तिच्यातील विशेषणाचा अर्थ काय करावयाचा, हा प्रश्न सहसा कोणी उपस्थित करीत नाही. शाश्वत म्हणजे नित्य, अविनाशी. खनिजसाठा तर स्वभावतःच क्षय पावणारा. त्यामुळे शब्दशः पाहता ‘शाश्वत खाणकाम’ हा वदतोव्याघात होय. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने केलेल्या व्याख्येत मात्र नित्यत्वाचा दावा नाही. पुढील पिढ्यांच्या स्वतःच्या गरजा भागविण्याच्या क्षमतेस बाध न आणता वर्तमान गरजा भागविणे, एवढेच तीत अभिप्रेत आहे. टिकवावयाची ती क्षमता, वस्तू नव्हे.

हा भेद ध्यानी घेतला म्हणजे कर्नाटकातील कोलार सुवर्णक्षेत्राची परीक्षा करता येते. जॉन टेलर आणि मंडळीने १८८० नंतर येथे आधुनिक पद्धतीने काम आरंभिले. १९०२ मध्ये शिवनसमुद्राची जलविद्युत येथवर आणण्यात आली. चँपियन रीफ ही खाण ३ किलोमीटरांहून अधिक खोल गेली. एकंदर सुमारे ८०० टन सोने निघाले आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. मागे उरले ते ३ कोटी टनांहून अधिक चूर्णाचे ढिगारे. धातुकातील सोन्याचे प्रमाण जसजसे घटते तसतसा प्रत्येक ग्रॅममागे अधिक खडक कुटावा लागतो. म्हणून हे ढिगारे उत्पादनाच्या उतरत्या काळातही वाढतच राहतात. सोने विरघळविण्यासाठी वापरलेले सायनाइड ऊन व हवा यांच्या योगाने बव्हंशी विघटित होते. बारीक धूळ मात्र वाऱ्याबरोबर वस्तीवर येते. त्या वस्तीतील पुष्कळांचे पूर्वज तमिळ प्रदेशातून खाणकामासाठी आले होते. आज त्यांचे वंशज रोजगारासाठी आगगाडीने बंगळूरला जातात.

अर्थशास्त्रज्ञ हार्टविक याने १९७७ मध्ये मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो: क्षय पावणाऱ्या साधनापासून मिळणारा अधिशेष पुनरुत्पादक भांडवलात गुंतविला, तर उपभोगाची पातळी टिकू शकते. कोलारचा अधिशेष दीर्घकाळ लंडनच्या भागधारकांकडे लाभांशरूपाने आणि म्हैसूर संस्थानाकडे स्वामित्वशुल्करूपाने गेला. १९५६ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा समृद्ध थरांचा मोठा भाग उपसून झाला होता.

कोळसा जळून जातो, सोने राहते. आजवर खणलेले बहुतेक सोने दागिने वा लगडी यांच्या रूपाने अस्तित्वात आहे. तेव्हा नव्या खाणीचे समर्थन केवळ धातूच्या गरजेवर करणे दुर्बल ठरते. ते स्थानिक लोकांना मिळणाऱ्या लाभावरच करावे लागते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

रायचूर जिल्ह्यातील हट्टीची खाण अद्याप चालू आहे. (याच जिल्ह्यात मस्की येथे १९१५ साली बीडन या खाण-अभियंत्यास अशोकाचे नाव असलेला शिलालेख सापडला, भाषाभ्यासकाने सोन्याच्या शोधाचे एवढे ऋण तरी मानावे.) खाण बंद करण्याची योजना आणि तीसाठी आर्थिक हमी भारतात २००३ पासून बंधनकारक झाली, म्हणजे कोलार बंद झाल्यावर दोन वर्षांनी. जिल्हा खनिज प्रतिष्ठाने २०१५ च्या कायदादुरुस्तीने आली. हट्टीसारख्या ठिकाणी या निधीचा किती अंश खाणीनंतरच्या काळासाठी राखला जातो, तेच हार्टविकच्या कसोटीने तपासावयाचे आहे.