दिंगलिंग : उघडलेली समाधी

बीजिंगच्या वायव्येस सुमारे ५० किलोमीटरांवर, डोंगरांच्या कुशीत, मिंग घराण्यातील १३ सम्राटांच्या समाध्या आहेत. त्यांपैकी उत्खनन होऊन जिच्या भूमिगत महालात उतरता येते अशी एकच; ती दिंगलिंग, सम्राट वानली याची. त्याची कारकीर्द १५७२ ते १६२०, म्हणजे आपल्याकडचा अकबर-जहांगीरांचा काळ. विशी ओलांडताच, १५८४ साली, त्याने स्वतःची समाधी बांधावयास घेतली. सहा वर्षांत ती पुरी झाली आणि पुढे ३० वर्षे धन्याची वाट पाहत रिकामी राहिली!

जिन्याने सुमारे २७ मीटर खाली गेले की दगडी कमानींची पाच दालने लागतात. मधल्या दालनात सम्राटाचे व दोन राण्यांचे संगमरवरी सिंहासन, पुढे दिव्याच्या तेलाचे मोठाले चिनी मातीचे रांजण. परंतु खरे पाहण्यासारखे आहे ते दार. दाराची शिळेची दोन्ही फळ्ये ओढून घेत शेवटचा माणूस बाहेर पडला, की आत तिरपा टेकवलेला दगडी अडसर पुढे घसरून फळ्यांच्या मागे आपोआप अडके. बाहेरून ढकलून ते उघडणे अशक्य. १९५७ साली संशोधकांनी फटीतून वाकवलेली सळई घालून तो अडसर उभा केला, तेव्हा कोठे दार हलले.

हे उत्खनन १९५६ साली सुरू झाले. त्याचा आग्रह धरणारे वू हान हे इतिहासकार, शिवाय बीजिंगचे उपमहापौर. आत सुमारे ३,००० वस्तू मिळाल्या. सोन्याच्या तारांचा विणलेला मुकुट आजही थक्क करतो. रेशमाचे मात्र हाल झाले. तीन शतके अंधारात टिकलेली वस्त्रे हवा लागताच कडक होऊन काळवंडू लागली, आणि ती जपण्याची विद्या तेव्हा हाताशी नव्हती. ही घाई होती, असेच म्हणावे लागते. मूळ शवपेट्याही पुढे फेकून देण्यात आल्या. १९६६ साली, सांस्कृतिक क्रांतीच्या वावटळीत, लाल रक्षकांनी सम्राटाच्या व राण्यांच्या अस्थी बाहेर आणून जाळल्या. स्वतः वू हान १९६९ साली तुरुंगात मरण पावले.

आज शेवटच्या दालनात दिसणाऱ्या तीन लाल शवपेट्या नव्याने केलेल्या, आणि रिकाम्या आहेत. या अनुभवानंतर सम्राटांच्या समाध्या आपण होऊन खणावयाच्या नाहीत, असे चीनचे धोरण ठरले. शीआनजवळ पहिला सम्राट चिन शी हुआंग याचे मातीचे सैन्य १९७४ साली सापडले. तेथून दीड किलोमीटरवर असलेली त्याची स्वतःची टेकडी मात्र अद्याप कोणी उघडलेली नाही.