टाळ्या वाजवायला गेलेला मुलगा

गेल्या आठवड्यात आपण जपानी लेखक मिशिमाची ‘युकोकु’ ही कथा वाचली. १९३६च्या फसलेल्या लष्करी बंडाच्या दिवसांत एक तरुण अधिकारी आणि त्याची बायको मरण पत्करतात, आणि मिशिमा ते मरण एखाद्या विधीसारखं देखणं करून मांडतो. ती कथा जानेवारी १९६१ची. त्याच महिन्यात ‘बुन्गाकुकाई’ मासिकात २५ वर्षांच्या केन्झाबुरो ओए यांची ‘सेव्हन्टीन’ आली. तिच्यात देखणं असं काहीच नाही.

जखम तेव्हा ओलीच होती. १२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोच्या हिबिया सभागृहात समाजवादी पक्षाचे अध्यक्ष इनेजिरो असानुमा भाषण करत होते. १७ वर्षांचा ओतोया यामागुची व्यासपीठावर धावला आणि त्याने आखूड तलवारीने त्यांना भोसकलं. त्या हल्ल्याच्या छायाचित्राला पुढे पुलित्झर मिळालं. तीन आठवड्यांनी यामागुचीने कोठडीत आत्महत्या केली.

छायाचित्रात तलवार दिसते. तिथवर पोचणारी वाट ओए दाखवतात. त्यांच्या नायकाला नुकतंच सतरावं सरलंय. बहीण लष्करी रुग्णालयात परिचारिका. तिच्याशी वाद घालताना हा पोरगा चक्क डाव्यांची बाजू घेतो. मुद्दे संपतात तेव्हा तिला लाथ मारतो. शाळेत ८०० मीटर धावताना सगळ्यांदेखत त्याला लघवी होते. मेल्याहून मेल्यासारखं होतं. मग एक वर्गमित्र त्याला उजव्यांच्या सभेला नेतो, पैसे घेऊन टाळ्या वाजवायला. अशा भाडोत्री श्रोत्यांना जपानीत ‘साकुरा’ म्हणतात, म्हणजे चेरीचा बहर. धंदा असा आणि नाव केवढं नाजूक! त्या सभेत आजूबाजूचे त्याला ‘उजवा’ समजतात आणि बिचकतात. आजवर सगळ्यांच्या नजरेला भ्यायलेल्या पोराला पहिल्यांदाच कळतं, की लोक आपल्यालाही भिऊ शकतात. पुढे गणवेश मिळतो. सम्राट, राष्ट्र, निष्ठा हे सगळं त्या गणवेशाच्या मागून येतं. अतिरेकाचा अभ्यास पत्रकं आणि जाहीरनाम्यांपासून सुरू करणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा, असं मला वाटतं.

मात्र या कथेला यामागुचीचं चरित्र समजू नये. त्याचे वडील आत्मसंरक्षण दलात अधिकारी होते आणि तो स्वतः एका कडव्या पक्षात राहून बाहेर पडलेला होता. तो काही टाळ्यांपुरता गेलेला पोरगा नव्हता.

कथेचा दुसरा भाग फेब्रुवारीत छापला गेला. त्यात हत्या आणि कोठडीतला शेवट होता. उजव्यांच्या धमक्या सुरू झाल्या आणि मासिकाने पुढच्याच अंकात माफी मागितली. जपानमध्ये तो भाग पुस्तकात यायला २०१८ उजाडलं.

मासिकाची भीती पोकळ नव्हती. शिचिरो फुकाझावा यांच्या एका कथेत राजघराण्याची विटंबना झाली म्हणून उजवे आधीच खवळले होते. १ फेब्रुवारी १९६१ला एक तरुण ती कथा छापणाऱ्या ‘चुओ कोरोन’च्या प्रकाशकाच्या घरात शिरला. प्रकाशक घरी नव्हते. त्यांची पत्नी गंभीर जखमी झाली आणि घरकाम करणारी बाई ठार झाली. हल्लेखोराचं वय होतं १७.